येऊरला मुलांची निसर्गफेरी आणि वारली चित्रं एकाच सकाळी कशी जमवावी?

सोसायटीतली ८ ते १२ वयाची ४० मुलं ठाण्याजवळच्या येऊरला नेऊन निसर्गफेरी आणि वारली चित्रं एकाच सकाळी होतील का, असं तुम्ही विचारलंय. होतील, पण चाळीस जण एकदम जंगलात नेऊ नका. पायवाटेवर रांग इतकी लांबते की पुढच्याला दिसलेला पक्षी मागचा पोचेपर्यंत उडून जातो. वीस-वीसचे दोन गट करा. एक जंगलात, दुसरा पाड्यात चित्र काढायला, मग अदलाबदल. दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि त्यातलं एक कायम रांगेच्या शेवटी.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, म्हणून वनखात्याची परवानगी घ्या. येऊरच्या वनक्षेत्रपालांच्या नावे तीनेक आठवडे आधी अर्ज द्या. तारीख, वेळ, सगळ्यांची यादी लिहा आणि वाट कोणती घ्यायची ते त्यांनाच विचारा. बिबट्याचा वावर सध्या कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं. शिट्टी, स्पीकर काही नको.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरा. तेव्हा काटेसावर, पळस, पांगारा फुलावर असतात. सकाळी सातला निघा, आणि मुलांना तीन किलोमीटर चालवण्यापेक्षा फुललेल्या एका काटेसावरीपासून जरा लांब वीस मिनिटं बसवा. कोतवाल, बुलबुल, मैना, शिंजीर तिथे येत-जात राहतात. कोण फुलात चोच घालतं, कोण नुसते किडे टिपतं, कोण दुसऱ्याला हुसकावतं, एवढंच वहीत लिहायला सांगा. नावं पाठ करून घेऊ नका, ती मागाहून येतात. खाली पडलेलं फूल हातात घेऊन बघू दे, जाड मांसल पाकळ्या आणि पुंकेसरांचा झुबका तिथेच बसून काढू दे. पण फूल, पीस, बी, काहीही घरी आणायचं नाही. राष्ट्रीय उद्यानात कायद्यानेच मनाई आहे.

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, बूट. अत्तर-डिओ नको, मधमाश्या बिथरतात. या दिवसांत खाजकुयलीच्या तपकिरी, मखमली शेंगा वाळलेल्या असतात. कुणी हात लावलाच तर चोळू देऊ नका. आधी चिकटपट्टीने कुसं उचला, मग धुवा.

आता चित्रं. शिकवणारे पाड्यातलेच वारली कलाकार असू देत आणि मानधन आधी ठरवून त्याच दिवशी हातात द्या. लग्नात भिंतीवर काढतात तो देवीचा चौक मुलांकडून सजावट म्हणून काढून घेण्याचा आग्रह धरू नका. तो विधीचा भाग आहे. शेत, झाडं, तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाचाचा फेर असं भरपूर काही आहे.

साध्या कागदाला गेरू लावला की तो गुंडाळतो, म्हणून खोक्याचा पुठ्ठा घ्या. गेरूत थोडा डिंक घालून आदल्या दिवशीच हात द्या. ओल्या गेरूवर पांढरी रेघ पसरते आणि गुलाबी दिसते. वीस मुलांना वाटीभर तांदूळ पुरतात. रात्री भिजवा, बारीक वाटून फडक्यातून गाळा आणि चमचाभर डिंकाचं पाणी घाला. डिंक नसेल तर वाळल्यावर बोटाने पुसलं जातं. पीठ ताकाइतकं दाट हवं. ओली रेघ फिकट दिसते आणि वाळल्यावरच पांढरी होते. हे आधी सांगितलं नाही तर मुलं त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा गिरवत बसतात आणि वाळल्यावर पापुद्रा निघतो. ब्रशऐवजी टोक ठेचलेली बांबूची काडी द्या, ती घरूनच करून न्या.

दुसऱ्या गटासाठीचं पीठ झाकून सावलीत ठेवा, उन्हात आंबतं. गेरूचं पाणी ओढ्यात ओतू नका, बादलीत परत आणा.