अनुभवी फ्लाइट इन्स्ट्रक्टरकडून शिकलेली कोणती गोष्ट तुमच्याकडे आजही टिकून आहे?

तुम्ही एकच गोष्ट विचारली आहे. ती शिकायला मला एक उघडं दार लागलं.

सोलोच्या, म्हणजे एकटीने विमान उडवण्याच्या, आधीचे दिवस होते. सेसना १५२ हे दोन आसनी छोटं विमान, शेजारी सर. साठी ओलांडलेले, बोलणं मोजकं. धावपट्टी सोडून तीनेकशे फूट वर गेलो असू, तेवढ्यात माझ्या बाजूचं दार फटकन उघडलं. उडताना वाऱ्याच्या दाबामुळे ते दोन-तीन इंचांपलीकडे उघडत नाही, पण आवाज असा होतो की वाटावं सगळं सुटून चाललंय. मी एका हाताने दार ओढायला लागले. त्या झटापटीत दुसऱ्या हाताने योक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारं सुकाणू, कधी मागे आलं, मला कळलंच नाही. वेग पन्नास नॉट्सच्या खाली गेला, स्टॉल वॉर्निंगचा, म्हणजे पंखांची उचल सुटायच्या बेतात असल्याच्या इशाऱ्याचा, भोंगा केकाटू लागला. सरांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन बोटांनी योक पुढे रेटलं आणि म्हणाले, "विमान दारावर उडत नाही. आधी विमान उडव."

उघड्या दारानेच आम्ही चक्कर पुरी करून उतरलो. चहा घेताना त्यांनी २९ डिसेंबर १९७२ची ईस्टर्न एअरलाइन्सच्या फ्लाइट ४०१ची हकिगत सांगितली. मायामीला उतरताना पुढच्या चाकाचा दिवा लागेना. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. मधेच ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलं, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि धडधाकट विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत गेलं. शंभराहून जास्त माणसं गेली. चाक खाली आलेलं होतं, गेला होता तो फक्त बल्ब.

दुसरं, टेकऑफच्या आधी ते माझ्याकडून मोठ्याने वदवून घेत: इंजिन बंद पडलं तर मी काय करणार? धावपट्टी शिल्लक असेल तर तिथेच थांबायचं. नसेल आणि उंची कमी असेल तर नाक खाली, समोर जागा, मागे वळायचं नाही. मला हे पोपटपंची वाटायचं. मग एके दिवशी ३,००० फुटांवर त्यांनी थ्रॉटल ओढून इंजिनाची ताकद काढून घेतली. "ही तुझी धावपट्टी समज, आता वळून ये परत." गोंधळात गेलेले तीन-चार सेकंद, मग वळण, मग पुन्हा दिशा साधणं. परत येईपर्यंत पाचशेहून जास्त फूट गेले होते. शिवाय वळताना ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेगही चढतो, ४५ अंशांच्या बँकला, म्हणजे विमानाच्या कलाला, जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी, ६० अंशांना एकेचाळीस. म्हणजे जिथे उंची नाही तिथेच विमान सर्वांत आधी दगा देतं. त्या दिवसापासून मी ते वाक्य घाईत उरकत नाही. इंजिन खरंच थांबतं तेव्हा डोकं चालेलच याचा भरवसा नसतो, तोंडपाठ असलेलं मात्र आपसूक बाहेर येतं.

इंधनाच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पाऊस असो, ऊन असो, पंखावर चढून टाकीत काठी बुडवायची, हे मी निमूट करते. यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते मात्र त्यांनी न शिकवता. एकदा सर स्वतः विमान उतरवत होते, मी नुसती पाहत होते. स्वच्छ दिवस, वाराही नाही. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून धरणं, जरा लांबला, विमान तरंगत तरंगत धावपट्टीच्या मध्याच्या पुढे आलं. त्यांनी थ्रॉटल पूर्ण पुढे केलं आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. खाली सात-आठ विद्यार्थी बघत उभे, आणि इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाने त्यांच्यासमोर पुन्हा चक्कर मारली. उतरल्यावर मी धीर करून विचारलं, "सर, बसलं असतं ना?"

"बसलं असतं," ते म्हणाले, आणि लॉगबुक भरायला लागले.