अमेरिकेत बोली लावून हॉटेल स्वस्तात मिळतं का?

आई-बाबा येताहेत, शिकागो डाउनटाउनमध्ये तीन रात्री हव्यात, प्राइसलाइन या बुकिंगच्या वेबसाइटवर बोली लावू का, असं विचारलंय.

ती बोली विसरा. १९९८ मध्ये प्राइसलाइन सुरू झालं ते त्याच कल्पनेवर, पण ती सोय केव्हाच बंद झाली. आता उरलंय ते झाकलेलं हॉटेल: प्राइसलाइनचं ‘एक्सप्रेस डील्स’, हॉटवायर या तशाच वेबसाइटचं ‘हॉट रेट’. भाग, स्टार, दर दिसतात. नाव पैसे भरल्यावरच.

थोडी हेरगिरी करा. त्याच भागातली, तेवढ्याच स्टारची हॉटेलं उघड यादीत काढा आणि स्विमिंग पूल, रेटिंग, बाकी सोयी जुळवत बसा. बऱ्याचदा दोन-तीनच नावं उरतात. मी एकदा असं अचूक ओळखलं, स्वतःवर खूश झालो, आणि सगळी बचत पार्किंगच्या बिलात गेली! तेव्हा कर, पार्किंग धरूनच तुलना करा.

असं बुकिंग सहसा रद्द करता येत नाही, पैसे गेले ते गेले. व्हिसा हातात पडेपर्यंत थांबा. शिवाय दोन पलंग मिळतीलच याची खात्री नसते. तुम्हीही त्याच खोलीत राहणार असाल, तर सरळ नाव बघून, रद्द करता येणारं बुकिंग घ्या.