हवेतले अंतर आणि तिकिटावरची वेळ

प्रश्न : मुंबई-कोलकाता विमानाला जाताना कमी आणि येताना जास्त वेळ का लागतो? अंतर तर तेच ना? शिवाय तिकिटावरची वेळ प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा जास्त का असते?

उत्तर : अंतर तेच, साधारण १,६५० किलोमीटर. फरक पडतो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, विमाने उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वारा ताशी १०० धरून हिशेब करा. कोलकात्याला जाताना जमिनीच्या संदर्भातला वेग ९५०, म्हणजे सुमारे १०४ मिनिटे. परतताना ७५०, म्हणजे १३२. अठ्ठावीस मिनिटांचा फरक इथेच पडला. पावसाळ्यात हे वारे हिमालयाच्या उत्तरेला सरकतात, तेव्हा हा फरक बराच कमी होतो.

तिकिटावरची वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, रांग, चढण, उतरण, सगळे त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात त्या म्हणूनच. कंपन्या ही शक्यता धरूनच वेळापत्रक आखतात. पुढची गाडी किंवा विमान पकडायचे असेल, तर तिकिटावरचीच वेळ धरा, वैमानिकाने सांगितलेली उड्डाणाची नव्हे. नकाशावर पट्टी ठेवून अंतरही मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने लांबच्या प्रवासात ते चुकते.