एडीएचडी: जीन्स की वातावरण? नव्याने वाचायला घेतलंय त्यांच्यासाठी

एडीएचडीबद्दल (लक्ष टिकवणं, शांत बसणं, स्वतःला आवरणं अवघड जातं ती मेंदूच्या वाढीशी संबंधित स्थिती) वाचायला सुरुवात केलीस ते मस्तच. पण "जीन्समुळे की वातावरणामुळे" या भांडणात पडूच नकोस, दोन्ही एकत्रच चालतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे तो ७४ टक्क्यांचा आकडा. जुळ्यांच्या अभ्यासांतून हेरिटॅबिलिटी (लोकांमधल्या फरकांपैकी किती वाटा जीन्समधल्या फरकांशी जोडलेला आहे ते) साधारण तेवढी येते, मग लोक लगेच धरून चालतात की एखाद्या मुलाचा एडीएचडी ७४ टक्के जीन्सचा आणि उरलेला घरचा. तसं नाहीये! तो आकडा लोकांमधल्या फरकांबद्दल आहे, एका माणसाबद्दल नाही, आणि जीन्स-वातावरणाचं एकमेकांवर होणारं कामही बरंचसं त्यातच मिसळलेलं असतं.

"एडीएचडीचा जीन" शोधत बसू नकोस. २०२३ च्या मोठ्या जीनोम अभ्यासात एडीएचडीशी जोडलेल्या डीएनएवरच्या २७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक.

आणि वातावरण म्हणजे आईबापांनी लावलेलं वळण नव्हे हं (हे ऐकून ऐकून कान किटलेत). आधी हे वाच:
- वेळेआधी जन्म, जन्माच्या वेळी कमी वजन
- शिशाचा संपर्क
- गरोदरपणातली सिगारेट, पण इथे जपून, कारण भावंडांची तुलना केली की हा संबंध बराच कमी होतो, म्हणजे त्यात घराण्यातले जीन्सही लपलेले असतात

एपिजेनेटिक्स (डीएनएचा क्रम न बदलता जीन्सचं काम कसं बदलतं ते) सध्या राहू दे, आधी जुळ्यांचे अभ्यास नीट समजून घे.