‘स्किनामरिंक’मध्ये काहीच घडत नाही, मग लोक इतके घाबरतात कशाला?

तुम्ही लिहिलंय की ‘स्किनामरिंक’ हा भयपट दोन बैठकांत कसाबसा संपवला, भिंती, छत आणि अंधार यापलीकडे काही दिसलं नाही, आणि ‘रात्रभर झोप लागली नाही’ म्हणणारे लोक नाटक करतात का आणि शेवटी नक्की काय होतं, असं विचारलंय.

नाटक करत नाहीत. पण तुमचंही चुकत नाही. आमच्याकडे ही दोन्ही मतं एकाच सोफ्यावर शेजारी बसली होती. मी दादाकडे कॅनडात, मिसिसागाला गेले होते तेव्हा दादा, वहिनी आणि मी, तिघांनी तो बेसमेंटमध्ये बसून पाहिला. दादा चाळिसाव्या मिनिटाला घोरायला लागला. वहिनीने पाय जे सोफ्यावर वर घेतले ते शेवटपर्यंत खाली सोडले नाहीत. मी मध्ये.

(पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबावं.)

गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. साल १९९५. चार वर्षांचा केविन आणि केली नावाची त्याची सहा वर्षांची बहीण रात्री जागी होतात. बाबा घरात नाहीत. मग खिडक्या नाहीशा होतात, दारं नाहीशी होतात, कमोडसुद्धा नाहीसा होतो. दोघं पांघरुणं घेऊन खाली टीव्हीसमोर जुनी कार्टून लावून बसतात, आणि अंधारातून कुणीतरी त्यांना वर बोलवायला लागतं. मुलांचे चेहरेही धड दिसत नाहीत. दिसतात ते पाय, दाराची चौकट, छताचा कोपरा.

दिग्दर्शक काइल एडवर्ड बॉल हा कॅनडातल्याच एडमंटनचा. आधी तो यूट्यूबवर लोकांकडून त्यांची वाईट स्वप्नं मागवायचा आणि त्यांच्या छोट्या फिल्म बनवायचा. त्यात एक स्वप्न पुन्हा पुन्हा यायचं: मी लहान आहे, घरात आहे, आईबाबा नाहीत, आणि घरात काहीतरी आहे. त्यातून हा चित्रपट निघाला. शूटिंग त्याने स्वतः लहानाचा मोठा झाला त्याच घरात केलं, खर्च सुमारे १५,००० डॉलर. म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण बारा लाख रुपये. पुण्यात एवढ्यात एक बरं लग्न होत नाही. २०२२ साली माँट्रियलच्या फँटेजिया महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला, पुढे एका महोत्सवाने ऑनलाइन दाखवला तेव्हा त्याची कॉपी फुटली आणि टिकटॉक, रेडिटवर त्याचे तुकडे फिरायला लागले. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेत तो जवळपास ७०० थिएटरांत लागला, तोवर ‘आजवरचा सगळ्यात भयानक सिनेमा’ ही हवा झालेली. अशी हवा ऐकून गेलेल्या माणसाला छताचा कोपरा दाखवला तर तो चिडणारच. समीक्षकांनी कौतुक केलं आणि प्रेक्षकांत दोन तट पडले, ते मला वाटतं बरंचसं यामुळे.

पण सगळंच हवेवर ढकलता येत नाही. झोप लागण्याआधी दादाची एकच तक्रार चालली होती: “ते कोण आहे, त्याला काय हवंय, एवढं तरी सांगा रे!” मला ती पटली, कारण आम्ही दोघं परळच्या चाळीत वाढलो आणि आमच्या भुतांना नावं होती, पत्ते होते. मुंजा पिंपळावर. हडळीचे पाय उलटे. चकवा गावी, रानात, तो मुंबईत येत नसे. आणि न झोपणाऱ्या पोरांसाठी आजीने ठेवलेला बागुलबुवा. पत्ता माहीत असला की तिथून जायचं नाही, संपलं. त्यात दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण ओळीने झोपायचो; रात्री जाग आली आणि हात पसरला की कुणाच्या तरी अंगावर पडायचा. भीती एकाच जागी होती, गॅलरीच्या टोकाच्या संडासात, आणि तिथेही दाराबाहेर दादा उभा असायचा. “मी चाललो हां” अशी धमकी देत, पण असायचा. अशा माणसाला रिकामा पॅसेज दाखवून काय घाबरवणार?

वहिनीचं वेगळं. एकुलती एक, वडील पाटबंधारे खात्यात, धरणाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. पाचव्या वर्षापासून स्वतःची खोली. केली अंधारात जिना चढत होती तेव्हा वहिनी पुटपुटली, “अकरा पावलं.” नंतर विचारलं तर म्हणाली, तिच्या खोलीपासून आईच्या खोलीपर्यंत तेवढी होती, रोज मोजायची, आणि दार बंद असेल तर मोजत परत यायची.

मला स्वतःला धरलं ते चित्राने. कॅमेरा डिजिटल आहे, पण वरून जुन्या फिल्मवर दिसतात तसे इतके दाणे घातलेत की पडद्यावर सतत जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या. त्या मुंग्यांकडे टक लावून बसलं की डोळे आपणच त्यातून चेहरा जुळवायला लागतात. झिरोच्या बल्बच्या उजेडात मी माळ्यावरच्या पितळी डब्यांतून असेच चेहरे जुळवलेत. त्या चेहऱ्यांना मात्र कधी नाव नव्हतं, आणि आजीलाही मी ते सांगितले नाहीत.

खरा हादरा आईबाबांच्या खोलीतला. बाबा पलंगावर पाठमोरे बसलेत, केलीला पलंगाखाली बघ म्हणतात. मग त्याच पलंगावर आई, तीही पाठमोरी. तुमच्यावर आमचं खूप प्रेम आहे, असं अगदी साध्या आवाजात सांगते आणि डोळे मिट म्हणते. तिथे मी मागे वळून जिन्याकडे पाहिलं, उगाच. वर पाच वर्षांची भाची एकटी झोपली होती. इथे मुलं तशीच झोपतात, दार अर्धं उघडं ठेवून. थोड्या वेळाने तिने झोपेतच “बाबा” म्हटलं असेल-नसेल, इतका वेळ घोरणारा दादा ताडकन उठून वर गेला आणि पाच मिनिटांनी येऊन पुन्हा आडवा झाला. चित्रपटातही तोच जिना, तीच हाक, पण कुणी येत नाही.

दोष आहेत, भरपूर. शंभर मिनिटं याला फार झाली. मधली वीस-पंचवीस मिनिटं मलाही जड गेली, आणि खेळण्यातला फोन दाखवून कानाशी किंचाळणं हे तर सरळ फसवणं. त्याच दिग्दर्शकाची ‘हेक’ नावाची आधीची छोटी फिल्म यूट्यूबवर आहे, अर्ध्या तासाच्या आत संपते आणि जवळपास हेच काम करते. तुम्हाला दुसरी संधी द्यायची असेल तर ती रात्री, एकट्याने, हेडफोन लावून बघा. दहा मिनिटांत हात मोबाइलकडे गेला तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, नाद सोडा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना जवळ बसवू नका. तो आवाज केविनला सुरी डोळ्यात घालायला सांगतो. दिसत काही नाही, पण ऐकू येतं.

आणि तुम्ही विचारलेला शेवट. अंधारात एक चेहरा दिसतो, न दिसल्यासारखा, आणि केविनला झोप म्हणतो. केविन विचारतो, तुझं नाव काय? उत्तर येत नाही, चित्रपट संपतो.

दादा नेमका तेव्हा जागा झाला. म्हणाला, “मग? कोण होतं शेवटी?”

वहिनी म्हणाली, “आधी दिवा लाव.”