पेपर नीट वाचता येतो, मग डोळे कशाला दाखवायचे?

प्रश्न : बाबांना १२ वर्षं शुगर आहे, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढत नाहीत, म्हणतात मला सगळं नीट दिसतंय. काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो, हीच तर पंचाईत आहे, रेटिनोपथी, म्हणजे शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला होणारा आजार, सुरुवातीला ना दुखते ना खुपते, नजरही चांगली असते आणि आत पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागलेल्या असतात. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे तपासणी झाली असं नाही हं! थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा बघायला हवा, टाइप २ वाल्यांनी (म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना होते ती शुगर) तर निदान झाल्याझाल्याच आणि मग साधारण दरवर्षी. वेळेत सापडलं तर लेझर, इंजेक्शनं आहेत, गेलेली नजर परत आणणं मात्र अवघड. आणि थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा बाबांना स्कूटर देऊ नका, पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर नाहीच, सरळ रिक्षाने न्या.