उधारीवरचा नफा हलाल आणि व्याज हराम, हा फरक नुसता नावाचाच नाही का?

तुमचा प्रश्न असा: १००ची वस्तू वर्षाच्या उधारीवर १२०ला विकली तर इस्लामला चालते, मग १०० उसने देऊन वर्षाने १२० घेतले तर ते हराम कसे? आणि व्याज घेणाऱ्याचं ठीक, पण देणाऱ्यालाही दोष का?

पहिली शंका १४०० वर्षांपूर्वीच काढली गेली होती आणि ती खुद्द कुराणात आहे. सूरह बकराच्या २७५व्या आयतीत 'व्यापारही व्याजासारखाच तर आहे' म्हणणाऱ्यांचा उल्लेख येतो. त्यावर उत्तर एवढंच की अल्लाहने व्यापार हलाल केला आणि रिबा (व्याज) हराम. फोड करून सांगण्याचं काम पुढे फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी केलं.

मी मुसलमान आहे आणि हिशेब लिहिण्यावर माझं पोट आहे, म्हणून वहीच्या भाषेत सांगतो. सगळं सुरळीत फिटलं तर दोन्ही व्यवहारांत शेवटी १२०च दिसतात. फरक दिसतो तो घोळ झाल्यावर. व्यापाऱ्याने वस्तू आधी स्वतःच्या मालकीची केलेली असते. ती त्याच्याकडे असताना जळली किंवा भाव पडला तर फटका त्याला. विकल्यावर किंमत १२०वर गोठली. गिऱ्हाइकाने दोन वर्षं उशीर केला तरी येणे १२०च. कर्जात मात्र पैसे देणाऱ्याने मालाची कसलीच जोखीम घेतलेली नसते आणि घेणारा जितका अडचणीत, तितकी रक्कम फुगत जाते. इस्लामपूर्व अरबस्तानात मुदत भरली की सावकार विचारायचा, 'फेडतोस की वाढवतोस?' कुराणाचा रोख आधी याच रिबावर आहे. २७९ आणि २८० या आयती सांगतात की मुद्दल तुमचं, ते घ्या. पण ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडूनच दिलंत तर अधिक चांगलं. पैगंबरांनी ६३२ साली अखेरच्या हजच्या प्रवचनात जुनं सगळं व्याज रद्द केलं, तेव्हा सुरुवात स्वतःचे चुलते अब्बास यांना येणं असलेल्या व्याजापासून केली.

इस्लामी बँकांचा मुराबहा याच उधारविक्रीवर उभा आहे. बँक यंत्र स्वतः विकत घेते, तुम्हाला नफा सांगून जास्त किमतीला हप्त्यांवर विकते. हप्ता थकला आणि दंड लावला, तर तो बँकेच्या नफ्यात न धरता दानधर्मात टाकायचा असतो. इथवर मला पटतं. पण बँकेची मालकी कागदावर पाच मिनिटांची असेल, आणि नफ्याचा दर शेजारच्या बँकेच्या व्याजदराकडे बघून ठरत असेल, तर तुमचा 'नावाचाच फरक' हा टोमणा तिथे बरोबर बसतो. तवर्रुक तर त्याच्याही पुढचा. बँक तुम्हाला धातू उधारीवर विकते, तुमच्याच वतीने तो लगेच तिसऱ्याला रोखीने विकते आणि पैसे तुमच्या खात्यात टाकते. तो धातू तुम्ही डोळ्यांनीही पाहिलेला नसतो! आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (इस्लामी कायदा) अकादमीने २००९ साली असा ठरवून घडवलेला तवर्रुक नाजायज ठरवला, तरी तो चालूच आहे.

खरा पर्याय मुदारबा आणि मुशारका, म्हणजे भागीदारी. मुदारब्यात एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्या हिश्श्याने, तोटा भांडवलवाल्याचा आणि दुसऱ्याचे श्रम वाया. बँका याला बिचकतात, कारण यात कर्जदाराच्या धंद्यात खरोखर लक्ष घालावं लागतं.

सगळे आलिम (धर्मपंडित) एका सुरात बोलतात असंही नाही. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी १९८९ साली सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचा परतावा जायज म्हटला होता. त्यावर वादळ उठलं. बहुसंख्य आलिमांना बँकेचं ठरावीक व्याज रिबाच वाटतं.

आता व्याज देणाऱ्याबद्दल. सहीह मुस्लिम या संग्रहातल्या एका हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनात) व्याज खाणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आणि दोन्ही साक्षीदार यांना एकाच पंगतीत बसवलं आहे. (लिहिणाऱ्यावर माझी नजर अडकते, का ते सांगायला नको.) मागणी करणाराच नसेल तर सावकारी टिकणार नाही, हा त्यामागचा विचार दिसतो. मात्र जीवनमरणाची निकड आणि दुसरा मार्गच नसेल तर फकीह मुभा देतात. हौसेच्या खरेदीला ती मिळत नाही. राहतं घर निकडीत मोडतं का, यावर मतभेद आहेत.

आणि खात्यात न मागता व्याज जमा झालंच, तर बऱ्याच आलिमांचं सांगणं असं की ते स्वतःवर खर्च करू नका, पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना द्या. ते जकातीत, म्हणजे सक्तीच्या दानात मात्र धरता येत नाही.